सहीची प्रत आणि टाचणीचा गंज : पेडणे तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

१९४६ च्या नाविक उठावावर, त्या उठावात स्वतः उतरलेल्या एका नाविकाने पुढे इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक. पहिली आवृत्ती. आतल्या कोऱ्या पानावर लेखकाच्या हाताने लिहिलेल्या भेटीच्या तीन ओळी आणि खाली सही. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, एका मराठी घरात ही प्रत निघाली आणि पुढे बरेच महिने त्या घरात तिच्यावरून चर्चा, रुसवे आणि शेवटी एक चांगला निर्णय झाला. जुन्या घरांतली पुस्तकं आणि कागदपत्रं तपासून त्यांचं काय करावं हे सांगण्याचं काम मी करते, त्या नात्याने मला बोलावलं होतं. माणसांची नावं, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. पुस्तकाचं नावही देत नाही. सहीच्या प्रती मोजक्याच असतात आणि नाव दिलं की घर ओळखू येतं.

पार्श्वभूमी

आजोबा तरुणपणी मुंबईला गेले. फोर्टमध्ये जहाजांना किराणा आणि किरकोळ सामान पुरवणाऱ्या एका दुकानात ते कारकून होते. गोवा मुक्त झाल्यावर परतले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यातल्याच एका शाळेत मास्तर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना जाऊन काही वर्षं झाली आहेत. आजी आहेत. दोन मुलगे, एक मुलगी, आणि त्यांची मुलं पणजी, पुणे, मुंबईला पांगलेली.

पुस्तक सापडलं ते आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या फॉर्म एक व चौदाच्या नकला आणि जुने पोर्तुगीज दस्त यांच्या गठ्ठ्याखाली. जे जपायचं ते सगळं त्यांनी एकाच ठिकाणी ठेवलं होतं. मोठ्या मुलाच्या मुलाने, याला आपण निखिल म्हणू, ते बाहेर काढलं. भेटीच्या ओळींत आजोबांचं नाव होतं आणि फेब्रुवारीतल्या त्या दिवसाची आठवण ठेवून ही प्रत दिली आहे, एवढाच मजकूर होता. त्याच पानाला टाचणीने एक पिवळा पडलेला कागदाचा तुकडा टोचलेला होता. त्याच्याकडे तेव्हा कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

उठाव थोडक्यात सांगायचा तर असा. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न, गोऱ्या आणि हिंदी खलाशांच्या वागणुकीतला भेद, कमांडरची शिवीगाळ, अशी कारणं साचत आली होती. त्याआधीच तळावर ‘जय हिंद’ आणि ‘छोडो भारत’ अशा घोषणा रंगवल्या गेल्या होत्या. दोन-तीन दिवसांत हा वणवा कराचीपर्यंत गेला. सुमारे ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि २० हजार खलाशी त्यात आले. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे जहाजांवर एकत्र चढले. २१ तारखेला फोर्टमधल्या नौदलाच्या कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला. त्याच दिवशी मुंबईची साधी माणसं गेटवेपाशी खलाशांसाठी खाण्याचे जिन्नस घेऊन जमली. दुसऱ्या दिवशी शहर बंद, रस्त्यांवर गोळ्या, काही दिवसांत दोनशेच्या वर माणसं गेली. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली.

गेटवेपाशी जमलेल्या त्या माणसांची नावं इतिहासात जवळजवळ नाहीत. या प्रकरणात माझा जीव गुंतला तो त्यामुळेच.

अडचण कुठे सुरू झाली

निखिलने भेटीच्या पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आजोबा नाविक बंडात होते. घरात ही गोष्ट अर्धवट ऐकलेली होतीच. ‘तलवार’ हे नाव आजोबांच्या तोंडी असायचं, म्हणून धाकट्या काकांची समजूत अशी की वडील ‘तलवार’ जहाजावर होते. आत्याला वेगळंच आठवत होतं: पोर्तुगीज आरमारातलं बंड. तिची आठवण निराधार नव्हती. ८ सप्टेंबर १९३६ ला लिस्बनला तेजू नदीत ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ आणि ‘दाँव’ या युद्धनौकांवरच्या खलाशांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीविरुद्ध बंड केलं होतं. किनाऱ्यावरून तोफा डागून ते मोडलं गेलं आणि पुष्कळांना केप व्हर्दच्या ताराफालच्या छावणीत धाडलं. तेच ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ १८ डिसेंबर १९६१ ला मुरगावच्या समुद्रात भारतीय नौदलाशी लढलं आणि दोनापावलाच्या बाजूला किनाऱ्यावर रुतलं. आजोबा मुलांना दोन्ही गोष्टी सांगायचे. मुलांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ झाली.

फोटो ग्रुपमधून बाहेर गेला. मुंबईच्या एका दुर्मिळ पुस्तकांच्या विक्रेत्याचा फोन आला. त्याच्याकडे परदेशातलं गिऱ्हाईक होतं. त्याने पाच आकडी रक्कम सांगितली. पुढे म्हणाला, आजोबा उठावात सामील होते असं कुटुंबाने सहीनिशी लिहून दिलं, टोचलेला कागद बरोबर दिला आणि ‘डाग काढून, नीट बांधून’ प्रत पाठवली, तर रक्कम बरीच वाढेल.

निखिलने तोंडी होकार दिला होता. तेव्हा आत्याने मला फोन केला.

आधी काय तपासलं

तीन प्रश्न वेगवेगळे ठेवायचे असं ठरवलं: आवृत्ती पहिली आहे का, सही खरी आहे का, आणि आजोबा नेमके कोण होते. विक्रेत्यासाठी हे तिन्ही मिळून एकच प्रश्न होता, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

आवृत्तीचं लवकर सुटलं. शीर्षकपानाच्या मागे प्रकाशनाचं एकच वर्ष होतं, नंतरच्या छपाईचा उल्लेख नव्हता, आणि छापील वेष्टणाच्या आतल्या घडीवर मूळ किंमत शाबूत होती. वेष्टणाची पाठ मात्र कोणीतरी चिकटपट्टीने जोडली होती आणि पट्टीचा डिंक कागदात मुरून तपकिरी झाला होता.

सहीला वेळ दिला. भिंगाखाली शाई कागदाच्या धाग्यांत शिरलेली दिसत होती, म्हणजे छापलेली सही नाही. फाउंटन पेनची निळी-काळी शाई, बारीक रेघांत तपकिरी झुकलेली. समोरच्या पानावर तिन्ही ओळींची उलटी, फिकट छाया उमटली होती. पुस्तक वर्षानुवर्षं मिटून राहिलं की अशी छाया उतरते, अलीकडे केलेल्या सहीला ती नसते. लेखकाच्या हस्ताक्षराचा आणखी एक नमुना एका संग्रहातून पाहायला मिळाला, तारीख लिहिण्याची ढब आणि नावातल्या पहिल्या अक्षराचं वळण जुळलं. मी हस्ताक्षरतज्ज्ञ नाही. त्यामुळे अहवालात ‘खरी असण्याकडे सगळी लक्षणं झुकतात’ एवढंच लिहिलं आणि लक्षणं एकेक करून मांडली.

मग तो टोचलेला कागद. दुकानाच्या छापील बिलाची ती पाठकोरी बाजू होती. पेन्सिलने मराठीत यादी: पाव, केळी, उकडलेली अंडी, सिगारेटची पाकिटं. आकडे आजोबांच्या वळणाचे; त्यांच्या मास्तरकीच्या वह्यांशी ताडून पाहिले. वर तारीख २१-२-४६. सगळ्यात खाली, जरा मोठ्या अक्षरात, ‘अपोलो बंदर’, म्हणजे गेटवेचाच धक्का.

हे वाचून दाखवलं तेव्हा पडवीत बसलेल्या माणसांना मिनिटभर कळेना की ही बातमी चांगली की वाईट.

आत्याने ट्रंकेतले बाकीचे कागद काढले. त्यात दुकानाच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, १९४४ पासून १९४८ पर्यंत, फेब्रुवारी आणि मार्च १९४६ धरून. नौदलातला खलाशी त्याच महिन्यात फोर्टच्या दुकानातून पगार घेत नाही. ‘तलवार जहाजावर’ या वाक्यावरून मात्र आम्ही काही ठरवलं नाही. ‘तलवार’ जमिनीवरचा तळ होता हे खरं, पण नौदलात किनारी तळांनाही जहाजासारखंच नाव देतात आणि खलाशीही तसंच बोलतात. त्या चुकीवरून माणूस खोटा ठरत नाही. निकाल पगाराच्या चिठ्ठ्यांनी दिला.

आजोबा नाविक नव्हते. खलाशांना खायला घेऊन गेलेल्या गर्दीतले एक होते, आणि त्यांच्यातल्या एकाने पंचवीसएक वर्षांनंतर आपलं पुस्तक त्यांना नावानिशी भेट दिलं होतं.

कायद्याची बाजू

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबते. गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. एक जोडीदार गेला की अर्धी मालमत्ता दुसऱ्याची असतेच, उरलेली मुलांमध्ये सारखी जाते, मुलगा-मुलगी भेद नाही. ट्रंकेतलं पुस्तकही मालमत्ताच. म्हणजे अर्धा हक्क आजींचा, बाकी तिघा भावंडांचा. निखिलचे वडील हयात असल्याने निखिल स्वतः वारसही नव्हता. त्याने दिलेल्या तोंडी होकाराला या घरात आधार नव्हता. त्याने हे ऐकल्यावर त्याच संध्याकाळी विक्रेत्याला कळवलं की निर्णय आजींचा आणि वडील-काका-आत्याचा आहे. त्याचं मला कौतुक वाटलं.

दुसरी गोष्ट निर्यातीची. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार साधारण वस्तू पुरावस्तू ठरायला १०० वर्षं लागतात, पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला, दस्तऐवजाला ७५ पुरतात. छापील पुस्तक त्यात येत नव्हतं. तो कागद मात्र फेब्रुवारी २०२१ मध्येच ७५ वर्षांचा झाला होता. पाव-केळ्यांची यादी ऐतिहासिक मोलाची आहे का, हे ठरवणं अधिकाऱ्यांचं काम. पण विक्रेता नेमका त्या मोलासाठीच जास्त पैसे देत होता, तेव्हा ‘हा साधा चिटोरा आहे’ असं म्हणून तो परदेशी धाडणं मला प्रामाणिक वाटलं नाही, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विक्रेत्याचा, पत्रासकट. तो पत्राच्या मागणीपाशीच बाद झाला. आजोबा सामील होते असं लिहून देणं म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या लपवणं.

दुसरा, पुस्तक विकायचं आणि कागद घरात ठेवायचा. धाकट्या काकांना हा पटला होता. घराचं छप्पर शाकारायला आलं होतं, वासे बदलायचे होते आणि पैशांची गरज खरी होती. ती गरज कोणी हलकी लेखली नाही. पण या पर्यायात दोन्ही वस्तू पांगळ्या होतात. कागदाशिवाय भेटीच्या ओळी कोणत्याही ओळखीच्या माणसाला लिहिल्यासारख्या वाटतात. पुस्तकाशिवाय कागद म्हणजे दुकानाच्या कारकुनाची यादी, बंदरावरच्या कुठल्याही जहाजासाठी केलेली. दोन्ही एकत्र असले तरच २१ फेब्रुवारीला अपोलो बंदरावर गेलेला एक माणूस नावानिशी समोर उभा राहतो.

तिसरा, पणजीतल्या सार्वजनिक संग्रहाला सगळं दान. हा सगळ्यात सुरक्षित दिसत होता. आत्याची हरकत रास्त होती: दान दिलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या पद्धतीने पुस्तकांत जाईल, कागद कागदपत्रांच्या विभागात, चिठ्ठ्या बहुधा कुठेच नाहीत. पुन्हा तीच ताटातूट, फक्त सरकारी शिक्क्यासह.

चौथा, घरात ठेवायचं. पण कोणत्या घरात आणि कसं? पेडण्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर असते आणि ६५-७० च्या पुढे बुरशी धरायला लागते. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात पुस्तक ठेवलं तर मिरगानंतर चार महिन्यांत त्याचं काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलं आहे.

गंजाचा डाग

विक्रेत्याला काढून हवा असलेला डाग टाचणीचा होता. टाचणी गंजून कागदाच्या तुकड्यावर दोन ठिपके आणि मधली रेघ उमटली होती. तुकडा अलगद बाजूला केल्यावर पुस्तकाच्या पानावरही तसेच दोन ठिपके, तीच रेघ, त्याच अंतरावर. खालच्या पानावर अगदी पुसट, त्याच्याही खाली सावलीसारखी. एवढा गंज उतरायला पुष्कळ पावसाळे जावे लागतात. म्हणजे हा तुकडा कोणी अलीकडे आणून जोडलेला नाही. तो फार वर्षांपूर्वी, बहुधा आजोबांनी स्वतःच, तिथे टोचून ठेवला होता, हे त्या डागावरूनच दिसत होतं. तो रसायनाने धुऊन काढला असता तर पान स्वच्छ झालं असतं आणि पुरावा गेला असता.

टाचणी मात्र काढणं भाग होतं, ती कागद खात होती. टाचणीच्या दोन्ही बाजूंनी पातळ पॉलिस्टरची पट्टी सरकवून, कागदाला चिकटलेला गंज मोकळा करून, ती सरळ रेषेत मागे ओढली. हे काम कागदांच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाने केलं, घरी कोणी करू नये. टाचणी छोट्या पाकिटात घालून, पाकिटावर तारीख आणि ‘कुठून काढली’ लिहून, सगळ्यांबरोबर ठेवली. वेष्टणावरची चिकटपट्टी तशीच राहू दिली. ती उचलताना छापील रंग निघण्याचा धोका होता. कसर लागल्याची भोकं जुनी होती. पुस्तक महिनाभर पारदर्शक पिशवीत वेगळं ठेवून पाहिलं, ताजा भुसा पडला नाही, म्हणून औषध काहीच केलं नाही. डांबराच्या गोळ्यांचा डबा आजींनी आणून ठेवला होता, तोही परत पाठवला.

निर्णय

सगळी भावंडं एकत्र येतात ती चवथीला. तोपर्यंत थांबायचं ठरलं, आणि ते थांबणं फार उपयोगी पडलं. फोनवर जे तावातावाने बोलत होते ते गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसून शांत बोलले. पंचमीच्या दुपारी जेवणं झाल्यावर मी पुस्तक, तुकडा आणि पगाराच्या चिठ्ठ्या एका चादरीवर मांडल्या आणि काय काय ठाऊक आहे ते सांगितलं.

धाकटे काका म्हणाले, “म्हणजे बाबा बंडात नव्हतेच.”

आजी म्हणाल्या, “नव्हते तर नव्हते. गोळ्या चालत होत्या तिथे पाव घेऊन गेले ना?” आणि थोड्या वेळाने, “त्यांनी जोडलेलं तुम्ही तोडू नका.”

तिघा भावंडांनी आणि आजींनी एका कागदावर सह्या केल्या. विक्री नाही. सगळा संच एकत्र, आम्लमुक्त पेटीत. मालकी कुटुंबाकडेच ठेवून पेटी पाच वर्षांसाठी एका संग्रहात ठेवायला द्यायची, आणि करारात तीन अटी: संच फोडायचा नाही, नोंद एकाच क्रमांकाखाली करायची, पानांवर शिक्का मारायचा नाही. संस्थेने शिक्क्याच्या अटीला वेळ घेतला, शेवटी पेटीवर चिठ्ठी लावण्यावर मान्य झालं. छपरासाठी काकांना मोठ्या भावाने आणि बहिणीने वर्गणी काढून दिली. ती बोलणी माझ्यासमोर झाली नाहीत.

पेटीत सगळ्यात वर एक पान आहे. निखिलनेच लिहिलं. त्याचे तीन भाग: कागदांवरून काय कळतं, घरात काय ऐकलं आहे, आणि आमचा अंदाज काय. ‘तलवार’ची गोष्ट दुसऱ्या भागात आहे, आत्याची लिस्बनची आठवणही. लेखक आणि आजोबा पुन्हा कसे भेटले असावेत ते तिसऱ्या भागात.

काय वेगळं करता आलं असतं

फोटो पाठवण्याआधी ट्रंक पूर्ण उपसायला हवी होती. पगाराच्या चिठ्ठ्या पुस्तकापासून वीतभर अंतरावर होत्या. त्या पहिल्याच दिवशी हाती आल्या असत्या तर ‘बंडात होते’ हे वाक्य ग्रुपवर गेलंच नसतं, आणि ते मागे घेताना घरात जो कडवटपणा आला तो टळला असता. फोटोत आजोबांचं नावही दिसत होतं. अशा फोटोत नाव-पत्ता झाकावा, आणि पाठवायचाच तर वस्तू कुठे ठेवली आहे ते लिहू नये.

ट्रंक उपसताना वस्तू कशाखाली कशी होती याची नोंद कोणी केली नाही. आज आम्ही ‘दस्तांच्या गठ्ठ्याखाली’ एवढंच सांगू शकतो. मोबाइलवर थरागणिक फोटो काढायला दहा मिनिटं लागली असती.

आजोबा हयात असताना नातवंडांपैकी दोघांनी त्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करायचं मनावर घेतलं होतं, ते राहिलं. ज्यांच्या घरी अजून अशी माणसं आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पुस्तक समोर ठेवून त्यांना विचारा: हे कुठे मिळालं, कोणी दिलं, हा कागद इथे का टोचला? नुसतं ‘आठवणी सांगा’ म्हटलं तर माणसं गप्प बसतात. वस्तू हातात दिली की बोलतात.

विक्रेत्याशी बोलणी लेखीच व्हायला हवी होती. त्याने पत्र मागितलं ते फोनवर. उद्या दुसऱ्या कोणत्या प्रतीबरोबर असं पत्र फिरलं तर या कुटुंबाकडे दाखवायला काही नाही.

अजून एक काम उरलं आहे. त्याच दुकानाच्या बिलांचं एक पुडकं मुंबईला, आजोबांच्या चुलतभावाच्या घरी आहे असं आत्याचं म्हणणं. निखिल ते बघायला जाणार आहे, आणि या वेळी पुडक्याची गाठ सोडण्याआधी फोटो काढायचं त्याने कबूल केलं आहे.